येऊरच्या छोट्या तळ्यावर रविवारच्या बॅच नेणाऱ्यांना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

तुम्ही म्हणजे नक्की कोण ते वाचता वाचता कळेलच. ठाण्यातले वीकेंड ट्रेक ग्रुपवाले, इन्स्टावर हिरवंगार पोस्टर टाकून खाली "लिमिटेड सीट्स" लिहिणारे आणि मग शनिवारी रात्री अकरा वाजता कुणी विचारलं तरी "हो हो या, होईल ॲडजस्ट" म्हणणारे. नाव कुणाचंच घेत नाही, एकाचं घेतलं की बाकीचे म्हणणार हां तो तसाच आहे, आम्ही नाही बाबा त्यातले. म्हणून सगळ्यांना मिळून एकच पत्र.

विषय येऊरच्या, म्हणजे ठाण्याला लागून असलेल्या संजय गांधी नॅशनल पार्कच्या डोंगरातल्या जंगलातलं ते छोटं तळं. कुठलं ते तुम्हाला माहितीये, मलाही माहितीये, आणि ह्या पत्रात त्याचं नाव किंवा वाट येणार नाही, कारण आधीच पुरेसे लोक तिथे पोचलेत.

तुमच्या पोस्टरवर लिहिलेलं सगळं तसं खरंच असतं. सोपी वाट, तासा-दीड तासाचं चालणं, ठाणे स्टेशनपासून जवळ, अनुभव नको, लहान मुलंही करू शकतात, येताना मामलेदारची मिसळ. खोटं काही नाही त्यात. (कारवीचा तो जांभळ्या फुलांचा फोटो सोडून. कारवी आपल्या इथे आठ वर्षांनी फुलते, 2016 ला फुलली होती, मग 2024 ला, आता एकदम 2032. मध्ये एखादं चुकार झुडूप फुलतं तेवढंच. पोस्टरवर मात्र दर वर्षी फुललेली असते.) पण माझं भांडण ह्या खऱ्या गोष्टींशीच आहे. वाट छोटी आणि सोपी आहे हेच तुम्ही विकताय, आणि त्या तळ्याची जी काय वाट लागत चाललीये ती ह्याच एका गोष्टीमुळे.

म्हणजे बघा, कळसूबाईला निघालेला माणूस 1646 मीटर उंचीचं शिखर चढायचंय ह्या धाकानेच बरा वागतो. आदल्या दिवशी बॅग भरतो, दोन लिटर पाणी, टॉर्च, ग्रिपवाले शूज, घरी सांगून निघतो, लीडर काय सांगतोय ते कान देऊन ऐकतो, आणि चढताना जीव असा काही मेटाकुटीला आलेला असतो की नाचायला अंगात जोरच उरत नाही. येऊरला तसं काहीच नाही. वर्तकनगरचा माणूस दुपारी जेवतो, जरा लोळतो, साडेतीनला उठून बघतो की अरे चारची बॅच आहे, आणि घरातल्या स्लिपरवरच निघतो, हातात एक पाण्याची बाटली तीसुद्धा अर्धी, आणि सोबत स्पीकर. ओझं किती आणि किती लांब न्यायचंय ह्याचा विचारच करावा लागत नाही ना, म्हणून बिर्याणीचे डबे येतात, केक येतो, एकदा तर फुगे फुगवायचा पंप आलेला मी डोळ्यांनी बघितलाय. हरिश्चंद्रगडावर फुग्यांचा पंप कुणी नेऊन दाखवा मला.

तेव्हा त्या पंपवाल्या रविवारचंच सांगते, कारण हे पत्र तिथूनच सुरू झालं.

मी आणि माझी मैत्रीण सकाळच्या गेलेलो, तिथल्या आदिवासी पाड्यातली एक ओळखीची बाई सोबत होती, तिच्याशिवाय आम्ही जात नाही. परत निघायच्या आधी तळ्याच्या काठाला बसलो होतो. पावसाळ्याचे दिवस, उक्षीच्या वेली नि कुड्याची झाडं पार पाण्यावर वाकलेली, आणि त्यातल्या एका फांदीला पाण्याच्या वर हात-दीड हातावर पांढरा फेसाचा गोळा चिकटलेला. मुठीएवढा. आम्हाला दोघींना वाटलं कुणीतरी साबण लावून आंघोळ केलीये आणि फेस उडालाय. तर ती बाई म्हणाली, साबण कसला, बेडकीचं घर हाय ते. झाडबेडूक पाण्यावरच्या पानाला असा फेस घुसळून त्यात अंडी घालतात, वरून तो सुकून जरा कडक होतो, आत ओल राहते, आणि पिल्लं तयार झाली की फेस विरघळून खाली टपटप पाण्यात पडतात. बरोबर खाली पाणीच येईल अशी जागा बघून घातलेला असतो. आम्ही नीट बघायला लागलो तर एक नाही, बरेच होते, काही ताजे पांढरे, काही पिवळट पडलेले, आणि एकाच्या खालच्या टोकाला काहीतरी काळं बारीक वळवळत होतं. मोबाईल काढला पण फोटोत नुसतं पान आणि कापूस दिसत होता, म्हणून ठेवून दिला आणि बघत बसलो.

तेवढ्यात तुमची बॅच आली. आधी गाणं आलं, मग माणसं. पन्नास तरी असतील, जास्तच, पुढे लीडर, विशी-बाविशीचा गोड पोरगा, गळ्यात शिट्टी. कुणाचा तरी वाढदिवस होता. केक काढायला सपाट जागा हवी म्हणून दोघा-तिघांनी काठावरच्या फांद्या मोडून बाजूला केल्या, त्याच फांद्या. पोरं कपड्यांनिशी पाण्यात. एका मुलीने तो फेसाचा गोळा काढून मैत्रिणीच्या गालाला लावला, हसत हसत, तिला काय माहीत, तिलाही आमच्यासारखाच साबण वाटला असणार. मी त्या लीडरला जाऊन सांगितलं, बाबा रे ही बेडकाची अंडी आहेत. तो अगदी अदबीने म्हणाला, "सॉरी काकू, आम्हाला माहीत नव्हतं, पण दहा मिनिटांत निघतोय आम्ही." आणि खरंच निघाले हो, पोरगा वाईट नव्हता. पण माहीत नव्हतं हे उत्तर ज्याने पैसे घेऊन पन्नास माणसं जंगलात आणलीत त्याने द्यायचं का? मग लीडर कशाचा, शिट्टीचा?

आता मुद्द्यांवर येते, जरा पसरट होईल, सांभाळून घ्या.

पहिलं म्हणजे तुमची ती "सनसेट बॅच". ज्याने कुणी हे पहिल्यांदा पोस्टरवर छापलं त्याने कधी संध्याकाळी तिथे उभं राहून बघितलंय का अशी मला शंका आहे. ठाणे डोंगराच्या पूर्वेला आहे. सूर्य मावळतो तो बोरिवलीच्या बाजूला, मध्ये अख्खी डोंगररांग. त्यामुळे त्या तळ्यावरून सनसेट दिसतच नाही, सूर्य डोंगरामागे जातो आणि सावली पडते, विषय संपला. घड्याळात अजून सूर्यास्ताला वेळ असतो आणि झाडीखाली पायवाटेवर अंधार पडायला लागलेला असतो. तुम्ही साडेचारला गेटजवळ जमणार, पावणेपाचला निघू म्हणणार, उशिरा येणाऱ्यांसाठी थांबून सव्वापाचला निघणार, पोचून फोटो होईपर्यंत साडेसहा, आणि उतरताना मोबाईलच्या टॉर्चवर पन्नास माणसं, त्यातली निम्मी स्लिपरवर, ओल्या शेवाळलेल्या दगडांवरून. आणि हीच नेमकी वेळ बिबट्याची.

बिबट्याचं नाव घेतलं की दोन प्रकारची माणसं होतात, एक घाबरणारी आणि एक "काही नसतं हो" म्हणणारी. दोन्हींचं काही खरं नाही. नॅशनल पार्क जवळपास 104 चौरस किलोमीटरचं, चहूबाजूंनी शहर, आणि 2018 च्या कॅमेरा ट्रॅपच्या (जंगलात लावलेले, आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) अभ्यासात पार्क आणि आजूबाजूचा भाग मिळून 47 बिबटे मोजले गेलेत. एवढ्याशा जागेत एवढे बिबटे आणि कडेला एवढी माणसं हे जगात फार ठिकाणी नाही. तरी रोज काही होत नाही, कारण बिबट्या माणसाला टाळतो, तो आपल्याला शंभरदा बघतो तेव्हा आपण त्याला एकदा बघतो. पाड्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्याच्यासोबत राहतात. वाघोबा देव आहे त्यांचा, दिवाळीच्या तोंडावर वाघबारस करतात, त्याला नैवेद्य दाखवतात, आणि संध्याकाळी अमुक वाटेने जायचं नाही, एकट्या पोराला पुढे सोडायचं नाही, वाटेत वाकून बसायचं नाही हे त्यांना शाळेत न जाता येतं. तुमच्या बॅचमधला एखादा मात्र "आलोच" म्हणून अंधारात झुडपामागे जाऊन बसतो. बसलेला माणूस जनावराच्या उंचीचा दिसतो हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

आणि खाण्याचं. तुम्ही म्हणता आम्ही प्लास्टिक परत आणतो, बरेच जण आणतातही, मान्य आहे, पण उरलेली बिर्याणी, हाडं, केकचा तुकडा हे "जंगलात कुजून जाईल" म्हणून तिथेच टाकता. कुजत नाही ते. रात्री भटकी कुत्री येतात खायला, एकदा आली की रोज येतात, आणि कुत्रा हे बिबट्याचं आवडीचं, सहज मिळणारं खाणं आहे. कुत्र्यांमागे बिबट्या. तुम्ही तोपर्यंत घोडबंदर रोडला तुमच्या बाराव्या मजल्यावर झोपलेले असता. जागा असतो तो पाडा, जिथली पोरं सकाळी त्याच वाटेने शाळेला उतरतात आणि बायका लाकूडफाट्याला जातात. 2004 साली पार्कच्या आजूबाजूला बिबट्याच्या हल्ल्यांचं जे सत्र झालं होतं ते ज्यांना आठवतंय त्यांना मी काय बोलतेय ते कळेल. पुढे नीट समजावून सांगणारे बरेच लोक पुढे आले, कचरा आणि कुत्रे कमी करा हेच त्यांचं पहिलं सांगणं होतं. आणि आपण फोटोपायी ते परत वर नेतोय, डबा भरभरून.

पाण्याचं सांगायचं राहिलं. तुमच्या लेखी ते तळं पावसाळ्यात असतं, बाकी वर्षभर नसतंच, कारण मेमध्ये तिथे हिरवं काही नाही, फोटो चांगला येत नाही. पण तळ्याची खरी गरज मेमध्येच असते. आपल्याकडे अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो सगळा चार महिन्यांत, खाली काळा कातळ, वर मातीचा पातळ थर, पाणी धावत खाली उतरून खाडीला मिळतं. एप्रिल आला की ओढे कोरडे. मग उरतात असे दोन-चार डबके-तळी नि वनखात्याने केलेले पाणवठे. सांबर, भेकर, रानडुक्कर, मुंगूस, पक्षी, बिबट्या, सगळे त्याच पाण्यावर. म्हणून तर बुद्धपौर्णिमेच्या रात्री प्राणी मोजायला पाणवठ्याशेजारी मचाण बांधून बसतात, जंगलभर फिरत बसत नाहीत, कारण पाण्यावर सगळ्यांना यावंच लागतं. आणि ते पाणी कुठून आलेलं असतं, तर ऑगस्टमध्ये ज्यात पन्नास माणसं सनस्क्रीन नि केकसकट उतरली तेच. वर काठ पायांनी तुडवून सगळी माती आत ढकललेली, म्हणजे तळं दर वर्षी थोडं उथळ. तलावांचं शहर म्हणून मिरवतो आपण, मासुंदा, कचराळी, उपवन, त्यांच्या कडेला कठडे, दिवे, बाकडी सगळं केलंय, बसा की तिथे कितीही. डोंगरातलं हे एवढुसं तरी जनावरांसाठी सोडा.

पोहण्याबद्दल एकच. खाली गाळ आहे. काठावर घोट्याइतकं पाणी आणि दोन पावलांवर गाळात गुडघाभर पाय रुततो, स्विमिंग पूलमध्ये पन्नास लॅप मारता येत असले तरी इथे त्याचा उपयोग नाही. दर पावसाळ्यात ठाणे जिल्ह्यातल्या धबधबे-तलावांवर माणसं बुडाल्याच्या बातम्या येतात, कलेक्टर ऑफिसचे मनाईचे आदेश निघतात, आणि दर पावसाळ्यात तुमचं पोस्टर येतं, "स्विमसूट कॅरी करा".

ओढ्याचंही तेच आहे. जाताना पावलं भिजतील एवढं पाणी असतं, मग वर कुठेतरी जोराची सर येते, तुमच्या डोक्यावर पाऊस नसला तरी, आणि परतताना तोच ओढा मांडीपर्यंत, चहासारखा लाल. अशा वेळी काय करायचं? काहीच नाही, अलीकडे थांबायचं. ह्या डोंगरातलं पाणी जसं चटकन चढतं तसं पाऊस थांबला की तास-दोन तासांत उतरतं पण. आमच्यासोबतची बाई अशा वेळी सरळ दगडावर बसते आणि तंबाखू मळायला घेते. तुमच्या लीडरला मात्र सातला दुसरीकडे पोचायचं असतं, म्हणून तो मानवी साखळी करतो. दोरी आहे का? नाही. फर्स्ट एड? एका बॅचच्या लीडरला मी सहज विचारलं होतं की फुरसं (विषारी साप) चावलं तर काय करणार, तर त्याने बॅगेतून डेटॉल काढून दाखवलं. हसले नाही मी, खरंच भीती वाटली.

बरं आता तुमची उत्तरं मला पाठ आहेत, ती पण घेते.

"काकू, वर बंगले आहेत, ढाबे आहेत, टर्फवर रात्री लाइट लावून क्रिकेट चालतं, लग्नं लागतात, ते चालतं, आमचं दीड तासाचं चालणंच दिसतं का?" दिसतं ना तेही दिसतं. पार्कभोवतीचा पट्टा डिसेंबर 2016 मध्ये इको सेन्सिटिव्ह झोन म्हणून, म्हणजे बांधकाम-धंद्यांवर बंधनं असलेला पट्टा म्हणून, जाहीर झालाय आणि तरी तिथे काय चालतं ते अख्खं ठाणं बघतंय, त्यावर ओरडणारे ओरडतायत, मी पण त्यांच्यातली एक आहे. "आणि खालून ठाणे-बोरिवली टनेल चाललंय त्याचं काय?" चाललंय, साधारण 11.8 किलोमीटरचा रस्ता, त्यातला दहा किलोमीटरपेक्षा जास्त बोगदा, ठाण्यातल्या टिकुजीनीवाडीपासून थेट बोरिवलीच्या मागाठाण्यापर्यंत, जुलै 2024 मध्ये भूमिपूजन झालं. त्याने काय होईल ह्याची मलाही काळजी आहे. पण ते थांबवणं तुमच्या हातात नाही, माझ्याही नाही. तुमच्या हातात स्पीकरचं बटण आहे. मोठा चोर सुटला म्हणून आपण खिसे कापायचे असं थोडंच असतं.

"आम्ही गेलो नाही तर दुसरे जातील." हे मात्र खरं आहे, म्हणून तर सगळ्यांना एकत्र लिहितेय.

"लोकांना निसर्गाची आवड लागते." लागते की नाही ते सांगता येत नाही, पण बॅचमधल्या कुणालाही परत आल्यावर विचारा की वाटेत काय बघितलंस. झाडाचं एक नाव सांगता येतं का बघा, सोप्यातलं, साग पण चालेल. चालताना कानात गाणं आणि पोचल्यावर डोळ्यासमोर मोबाईल, आवड लागायला फट कुठे आहे त्यात? त्या वाटेवर पांढऱ्या खोडाचं कांडोळ आहे, रात्री चांदण्यात भुतासारखं दिसतं म्हणतात, पहिल्या पावसाला मोठे बेडूक हळदीसारखे पिवळेधम्मक होऊन ओरडत बसतात, महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ते काळं-निळं ब्लू मॉरमॉन, 2015 ला जाहीर झालं, ते इथे तुमच्या डोक्यावरून जातं. पन्नास जणांच्या रांगेत तिसाव्या नंबरवर चालणाऱ्याला ह्यातलं काय दिसणार, पुढच्याची सॅक.

आणि पायवाट सोडून आजूबाजूला पसरायचं जे चालतं त्याबद्दल. जूनमध्ये जांभळीनाक्याच्या बाजारात बायका शेवळं, ती पावसाळी रानभाजी, घेऊन बसतात ना, सोबत काकडाची आंबट फळं, आपण पण घासाघीस करून घेतो, ती शेवळं ह्याच जंगलात पहिल्या पावसाला जमिनीतून वर येतात, बोट-दोन बोट कोंब. ती खुडून आणणं हे त्या बायकांचं महिन्या-दीड महिन्याचं उत्पन्न आहे. तुमची पहिल्या पावसाची बॅच नेमकी त्याच आठवड्यात असते. मला त्या बाईने दाखवलं, इथून इथपर्यंत एवढी यायची, आता दगडाच्या आडोशाला असतात तेवढीच. तिने तक्रार म्हणून नाही सांगितलं, असंच, चालता चालता.

पैशाचं बोलू का? राग येईल पण बोलते. समजा माणशी 499 रुपये आणि माणसं 50, झाले 24,950, एका संध्याकाळचे. जीप नाही, जेवण बहुतेक वेळा नाही, तंबू नाही. ह्यातले पाड्यात किती जातात? वाट त्यांची, तळं त्यांचं, वाटेत कुणाचा पाय मुरगळला तर उचलून खाली आणणारी पोरं त्यांची. मला कळलेलं उत्तर असं की वाटेत कुणाकडे चहा घेतला तर चहाचे.

म्हणून मागणं काय, तर सरळ सांगते. ही जागा राष्ट्रीय उद्यानाची आहे, 1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय आत शिरणं हा गुन्हा आहे, "गेटवर ओळख आहे" ही परवानगी नव्हे. वनखात्याकडून लेखी मिळत असेल त्या वाटेने, त्यांनी सांगितलेल्या वेळेत, त्यांनी ठरवलेल्या माणसांत जा, आणि तळ्यासाठी नाही मिळाली तर तळं नाही. मानपाड्याला निसर्ग परिचय केंद्र आहे, घोडबंदरला पार्कचाच नागला ब्लॉक आहे, रीतसर तिकीट काढून चालायची सोय आहे तिथे, झाडं बघायला ती वाट काही कमी नाही, आणि नागल्याच्या वरून खाडी दिसते ती तर तुमच्या तळ्यापेक्षा फोटोला कितीतरी भारी. जिथे जाल तिथे सकाळचं जा, सातला चालायला लागा, अकराला खाली. बारा-पंधरा जणांच्या वर नको, पंधरा जण असले की मागच्यालाही पुढच्याचं बोलणं ऐकू येतं. पाड्यातलं एक माणूस सोबत घ्या आणि त्याला चहापाणी नाही, ठरवून फी द्या, तुमच्या लीडरइतकी, आणि तो थांबा म्हणाला की थांबायचं, परत फिरा म्हणाला की परत फिरायचं. जेवण खाली येऊन. पाण्यात कुणीही नाही, पाय बुडवायलाही नाही. फोटो काढा, मी कोण नाही म्हणणारी, फक्त लोकेशन टाकू नका आणि आधी टाकलेलं असेल तर काढा, दोन मिनिटांचं काम आहे.

ह्याने तुमचं उत्पन्न कमी होईल हे मला कळतं. पंधरा माणसांत 499 परवडणार नाहीत, मग 900 घ्या. ज्याला खरंच जंगल बघायचंय तो देईल, एका सिनेमाला पॉपकॉर्नसकट तेवढे जातातच, आणि ज्याला नुसता वाढदिवस करायचाय तो उपवनला करेल. तुमच्यातल्या दोघा-तिघांनी मागे असं करून बघितलंय हे मला माहितीये, बंद का केलं ते विचारलं तर म्हणाले बाजूचा ग्रुप स्वस्तात नेतो. मग बसा ना एकदा सगळे मिळून, ठाण्यात तुम्ही काही शेकड्याने नाही आहात, तलावपाळीला एका टेबलावर मावाल. चहा माझ्याकडून.

पाड्यात ओळख नसेल तर करून देते, तिथली दोन-तीन पोरं झाडं-पक्षी इतके छान सांगतात की तुमच्या लीडरनेच आधी त्यांच्यासोबत एकदा चालून यावं असं मला वाटतं, त्या शिट्टीवाल्या पोराने तर नक्कीच, तो ऐकून घेणारा वाटला.

आणि हो, ह्या रविवारी परत साडेचारची बॅच लागलीये ती मी बघितली आहे. ती रद्द करा. सकाळी सातला मानपाडा असा मेसेज टाका ग्रुपवर, पन्नासातले बाराच उठून येतील. तेवढेच हवेत.

तुमची,
वर्तकनगरची एक काकू
(त्या दिवशी काठावर बसलेल्या दोघींपैकी चष्मेवाली)